तेरहवींचं बोलावणं

वहिनी, मी दवाखान्यातून लिहितेय. डायलिसिस वॉर्डच्या बाहेरच्या त्या लोखंडी बाकावर बसलेय, जिथे बसून तू माझ्या डब्यातल्या पोळ्या खायचीस आणि वर भाजीत मीठ कमी आहे म्हणायचीस. आत रामकलीबाईंना मशीनला लावलंय. खाली तुझी व्हॅन उभी आहे, दोन स्कूटरींच्या जागेत तिरकी घुसलेली. आणि ती इथपर्यंत मी चालवत आणलीय. हो, मीच. तुझी नणंद निमा, रिक्षा जरा जोरात वळली तरी 'देवा रे' म्हणणारी. हे अक्षर बघ. माझ्या वर्गातल्या पोरानं असं लिहिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

तुला मातीत ठेवून आठवडा होतोय आणि मी तुझ्यावर रागावलेली आहे, हे आधी सांगून टाकते. रविवारी उपासनेहून आलीस, डोकं दुखतंय म्हणालीस, आडवी झालीस. मी चहा घेऊन आले तर तू नाहीच. असं कुणी जातं का गं? दादाला नीट दिसत नाही, तो अजून तुझ्या खोलीच्या दाराशी जाऊन "एस्तेर, पडदा लावू का?" असं विचारतो. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकते. माधव नगरच्या त्या घरात आता दोन म्हातारी माणसं आहेत आणि दोघंही भित्री. धीट होतीस ती एकटी तू.

चर्चच्या मंडळीत सगळे छान बोलले तुझ्याबद्दल. पाळकसाहेबांनी 'प्रभूची विनम्र दासी' म्हटलं तेव्हा एवढ्या रडण्यातही मला हसू आलं. विनम्र! ट्रकवाल्याला काच खाली करून "भैया, सड़क तुम्हारे पिताजी की है क्या?" असं विचारणारी बाई विनम्र? प्रवचनात तुला हमखास डुलकी लागायची, मी कोपरानं ढोसायचे. गायनमंडळात तुला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. रविवारच्या शब्बाथ शाळेत तुला वर्ग दिला तर तू पोरांना इंजिन कसं चालतं ते शिकवून आलीस. त्या दिवशी घरी येऊन चपला काढता काढता म्हणाली होतीस, "निमा, प्रभूनं मला गळा दिला नाही, पाठांतर दिलं नाही. स्टीअरिंग दिलंय. आता त्याचंच काय ते करायचं."

मला तेव्हा ते फालतू वाटलं होतं. जालन्याकडच्या मिशन दवाखान्याच्या जीपवर तुझे वडील ड्रायव्हर, त्यांनी तुला लहानपणीच शिकवलं. लग्न होऊन उज्जैनला आलीस आणि दादाला पहिला प्रश्न काय, तर "गाडी आहे का?" दादाकडे सायकल होती. मग तू हट्टानं व्हॅन घेतलीस, वर्षानुवर्षं फ्रीगंजातली पोरं शाळेत सोडलीस. गाडी चालवताना तुझा चेहरा असा उजळायचा की मला हेवा वाटायचा. तेवढा आनंद मला आयुष्यात कशानंच झाला नाही, हे आज लिहायला हरकत नाही.

मग एका दुपारी पुलाच्या उतारावर रामकलीबाई दिसल्या. फुटपाथवर बसून उलट्या करत होत्या. गेंदालालजी बाजूला पाण्याची बाटली धरून उभे, कानानं कमी, त्यामुळे मागून कोण हॉर्न वाजवतंय तेही त्यांना कळत नव्हतं. डायलिसिसनंतर बीपी पडलं होतं आणि कुणी रिक्षावाला त्यांना बसवून घेत नव्हता. तू व्हॅन थांबवलीस, दोघांना आत घातलंस आणि थेट नानाखेड़ाच्या पुढे त्यांच्या बस्तीपर्यंत नेलंस. मला वाटलं, चांगलं काम केलं, झालं. पण तू लगेच पुढच्या फेरीचं ठरवूनही आलीस. तेव्हापासून दर सोमवारी आणि दर गुरुवारी. ताप असताना गेलीस. गुडघा सुजलेला असताना गेलीस. दादाच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं त्या दिवशी त्यालाही त्याच व्हॅनमध्ये घातलंस, म्हणालीस एका फेरीत दोन कामं.

आणि मला ओढलंस. "परत येताना त्यांचं डोकं धरायला कुणी लागतं. तुला काही करायचं नाही, मागे बस आणि मांडी दे." मी आले. सगळ्यांना वाटायचं निमाताई किती सेवाभावी. वहिनी, तुला मी कधी सांगितलं नाही, आज सांगते. मी सेवेसाठी येत नव्हते. तू गाडी घेऊन गेलीस की घरात बसून मला तुझे अपघातच दिसायचे. त्यापेक्षा तुझ्या मागे बसून घाबरणं बरं. पण रामकलीबाईंचं ते घामेजलेलं डोकं मांडीवर घेता घेता मला ती बाई आवडायला लागली. मला माणसं सहसा आवडत नाहीत, तुला माहीत आहे. ही एक आवडली, ती तुझ्यामुळे.

आपला खरा वाद होता तो प्रार्थनेवरून. त्यांच्या दारात गाडी चालू करून, डोळे मिटून तू मोठ्यानं मराठीत प्रार्थना करायचीस. प्रभू, रस्ता मोकळा कर, मशीन नीट चालू दे, रामकलीला बळ दे. मी मागून कुजबुजायचे, अगं हळू, लोक बघताहेत. तू म्हणायचीस, बघू देत, मी काय चोरी करतेय? शेवटी व्हायचं तेच झालं. कोपऱ्यावरच्या त्या निळ्या शर्टवाल्या मुलानं मोबाईलवर तुझं शूटिंग केलं. नंतर पोलीस ठाण्यातला एक माणूस घरी आला, चहा प्यायला आणि विचारू लागला, वहाँ क्यों जाती हैं, क्या बाँटती हैं, किसने भेजा है. तू म्हणालीस, "कुछ नहीं बाँटती, भैया. गाड़ी चलाती हूँ." दादाची तर बोबडीच वळली होती. माझे दात वाजत होते, भर उन्हाळ्यात. तो माणूस गेल्यावर मी तुझ्यावर ओरडले, आत्तापर्यंत कधी ओरडले नव्हते तशी. पाळकसाहेबसुद्धा म्हणाले, काही दिवस थांबा. तू गुरुवारी सकाळी चावी घेऊन निघालीस.

मी तुझ्या मागे जिना उतरत म्हणाले, "तुला भीती नावाची चीजच नाही का गं?" तू थांबलीस. माझा हात घेतलास आणि तुझ्या गळ्याच्या शिरेवर ठेवलास. ती अशी उडत होती की मीच हात मागे घेतला. म्हणालीस, "मला पण वाटते, निमा. पण ती संपायची वाट बघितली तर बाई मरून जाईल." मग तिथे जाऊन पुन्हा मोठ्यानं प्रार्थना केलीस. मी तीन चार दिवस तुझ्याशी बोलले नाही. वाद तसाच राहिला, आणि तू गेलीस. आता मी एकटी कुणाशी भांडू?

आज सकाळचं ऐक.

तुझ्या दफनाला गेंदालालजी आले होते, मुंडन करून. आपल्या लोकांना वाटलं असेल, यांच्या घरी कुणी गेलं का काय. मलाही काही सुचलं नाही. मी विचारलं, "रामकलीबाई कैसी हैं?" त्यांनी न ऐकताच मान हलवली, माती टाकली, माझ्या पायाला हात लावला आणि गेले. मला वाटलं, त्यांनी आता रिक्षा बघितली असेल. लोक घरी येत होते, रोज संध्याकाळी प्रार्थना, चहा, बिस्किटं. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

आज सकाळी त्यांचा फोन आला. फोनवर तर त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, ते आपलं बोलत सुटतात. "बेनजी, तेरहवीं कब की है? रामकली पूछ री है. बुलावा आए तो वो घर से निकले." मी म्हटलं, निघायचं म्हणजे? दवाखान्यात जात नाहीत का? मी ओरडून ओरडून विचारलं तेव्हा कुठे कळलं. वहिनी, त्या बाईनं तुझं सुतक धरलंय. तू त्यांच्या घरातली, म्हणून घरात गमी. तुझी तेरहवीं होईपर्यंत ती उंबरा ओलांडायला तयार नाही. गेल्या सोमवारी गेली नाही, गुरुवारी गेली नाही. नवऱ्यानं डोकं भादरलं ते तुझ्यासाठी. आणि आमच्यात ही तेरहवीं, म्हणजे तेराव्याचं जेवण, नसतेच हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. कोण सांगणार? इतक्या वर्षांत तसं विचारायची वेळच आली नव्हती. तिथे ती बोलावण्याची वाट बघत फुगत चालली होती आणि इथे आम्ही बिस्किटं वाटत होतो.

माझी पाचावर धारण बसली. अँब्युलन्सला फोन केला, तर म्हणे आज देवाची सवारी निघणार आहे, गाड्या तिकडे लागल्यात, वेळ लागेल. श्रावणातला सोमवार, दुपारनंतर अर्धं शहर बंद होणार. रिक्षावाल्यांपैकी दोघांनी बस्तीचं नाव ऐकूनच नको म्हटलं. दादा खोलीतून चाचपडत आला आणि त्यानं तुझी चावी माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, "दादा, मला नाही येत." तो म्हणाला, "लायसन्स आहे की तुझ्याकडे." लायसन्स! तू जबरदस्तीनं काढायला लावलेलं. मैदानावर पहाटे मला गोल गोल फिरवून शिकवलंस, दुसऱ्या गिअरच्या पुढे मी कधी गेले नाही, रस्त्यावर तर नाहीच नाही. मी दादावर चिडले, रडले, बाथरूममध्ये जाऊन उलटी केली. मग निघाले. मोठेपणा काही नाही यात. घरी बसून त्या बाईचा चेहरा डोळ्यांपुढे आणण्याची त्याहून जास्त भीती वाटली, एवढंच.

टावर चौकात माझ्या मागे जेवढ्या गाड्या होत्या त्या सगळ्यांनी हॉर्न वाजवले. मी कुणाकडे बघितलं नाही. नानाखेड़ापर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये गेले, इंजिन बिचारं ओरडत होतं.

रामकलीबाई दारातच खाटेवर बसल्या होत्या. वहिनी, मी त्यांना ओळखलं नाही. चेहरा सुजून डोळे बारीक झालेले, पाय फुगून चकाकत होते, एक वाक्य बोलायला दोनदा दम घ्यावा लागत होता. मला बघून पदर डोक्यावर घेतला. "तेरहवीं का बुलावा लाए, बेनजी?"

मी खरं ते बोलून बसले. "बाई, हमारे में तेरहवीं नहीं होती."

"फिर? उनके नाम की रोटी किसको खिलाते?"

"किसी को नहीं. प्रार्थना करते हैं."

"बस?" आणि रडायलाच लागल्या. "म्हारी बेनजी ऐसे ही चली गईं? बिना कुछ किए?" रडण्यानं धाप आणखी वाढली. गेंदालालजींना काय चाललंय ते कळेना, ते आपले पाणी घेऊन धावले. मला वाटलं, ही बाई आता माझ्यासमोर जाणार. तू असतीस तर काय बोलली असतीस? पुनरुत्थान समजावलं असतंस? छे. तू हाताला धरून उठवलं असतंस. माझ्यात तेवढा जोर नाही, मी तोंडात आलं ते बोलले. "बाई, सुनो. बुलावा ही लाई हूँ. हमारे में जो चला जाता है, उसका काम घरवाले करते हैं. उनका काम आज का है. आपको मशीन पे लिटाना है. आप नहीं चलीं तो उनका काम अधूरा रह जाएगा."

त्यांनी डोळे पुसले. "घरवाले मतलब... हम भी?"

"और कौन? इन्होंने सिर किसके लिए मुंडाया है?"

रामकलीबाई उठल्या. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरलं. वहिनी, आपल्यात असं काही असतं का? कुठे सांगितलंय? मला नाही माहीत, पाळकसाहेबांना विचारायचीही हिंमत नाही. पण मला ते खोटं वाटलं नाही. तुझ्याकडे एवढी वर्षं बघून जे समजलं होतं तेच बाहेर आलं असावं.

गाडी चालू केली आणि समोर कोपऱ्यावर तो निळ्या शर्टवाला. आज शर्ट दुसरा होता, पण तोच. जवळ आला. खिडकीशी वाकून म्हणाला, "वो दूसरी वाली मैडम नहीं आईं?" मी म्हटलं, "नहीं रहीं." तो म्हणाला, "अच्छा." आणि तिथेच उभा राहिला. हातात मोबाईल होता. तो शूटिंग करत होता की नव्हता, वाईट वाटून उभा होता की आणखी कशासाठी, मला काही कळलं नाही. तुझ्यासारखे डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना करायची ती वेळ होती. मी नाही केली. मनातल्या मनात केली, घाईघाईत, अर्धीच. मागून रामकलीबाई म्हणाल्या, "बेनजी तो बोलती थीं." मी म्हटलं, "मैं मन में करती हूँ." त्या म्हणाल्या, "मन में तो हम भी करते हैं. उनका सुनना अच्छा लगता था." मला इतकं लागलं ते. पण खरं सांगते, तो मुलगा पुन्हा तिथे उभा असला तर मी दुसऱ्यांदाही तसंच करेन. आपल्या वादात मी अजून माझ्या बाजूला आहे.

पुलावर गाडी बंद पडली. चढावर, मधोमध. मागे सरकायला लागली तेव्हा मी किंचाळले. गेंदालालजींच्या मांडीवर रामकलीबाईंचं डोकं, आणि ज्यांना ऐकू येत नाही ते गेंदालालजीसुद्धा त्या किंचाळण्यानं दचकले. मागचा ई-रिक्षावाला ओरडत होता, चलाना नी आता तो घर बैठो मैडम. बरोबरच बोलत होता. मी हँडब्रेक ओढला आणि तू मैदानावर सांगायचीस तसं क्लच सोडत इंजिनाचा आवाज जड व्हायची वाट बघितली. झाला जड. गाडी पुढे गेली. मला आनंद वगैरे झाला नाही, फक्त घाम फुटला.

वॉर्डातला मुलगा रामकलीबाईंना बघून माझ्यावरच खेकसला. "इतने दिन कहाँ थे आप लोग? पानी छाती तक भर गया है. एक दिन और रुकते तो..." आणि तुझ्याबद्दल कळल्यावर स्वतःच त्यांना धरून आत घेऊन गेला. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, हळूहळू पाणी काढू, वेळ लागेल, मध्ये काही झालं तर सांगता येत नाही. तेव्हापासून मी इथे बसलेय. आत मशीनचा आवाज बदलला की उठून काचेतून बघते. त्यांचा हात दिसतो, नळ्या दिसतात. परतीचा रस्ता बंद होईल, पोलीस कुठून वळवतील कुणास ठाऊक, अंधार पडला तर मला हेडलाइटचं बटणसुद्धा नीट सापडत नाही. पुढच्या खेपेला त्या मुलासोबत आणखी चौघं असले तर? ठाण्यातला माणूस पुन्हा आला, आणि आता चहा करून शांतपणे उत्तर द्यायला तू नाहीस, तर? असं नुसतं चालू आहे डोक्यात. तू गेल्यापासून मला तुझी आठवण कमी येते आणि भीतीच जास्त वाटते, म्हणून स्वतःचाच राग येतो. इथे बसल्यावर कळतंय की ती आठवणच आहे. तू असताना माझ्या वाट्याची थोडी भीती तू घेत होतीस, हे मला कधी दिसलंच नाही. थँक्यू म्हणायचं राहिलं, वहिनी. एवढी वर्षं मागे बसले, एकदाही म्हटलं नाही.

आत्ताच सिस्टरनं बोलावलं होतं. अजून मशीन काढलेलं नाही, पण चेहऱ्यावरची सूज उतरलीय, धाप लागत नाहीये. धोका टळला असं सिस्टर म्हणाली नाही, "अभी ठीक है" एवढंच म्हणाली. मी रामकलीबाईंच्या कपाळावरून हात फिरवला. त्यांनी डोळे उघडले, मला नीट बघितलं आणि अगदी रोजच्या आवाजात विचारलं, "बेनजी, गुरुवार को कितने बजे?"

मी म्हटलं, "साढ़े सात."

बोलून गेले आणि मग समजलं काय बोलले ते. बाहेर येऊन या बाकावर बसले आणि पुन्हा लिहायला घेतलं. त्या तिथल्या तिथे झोपून गेल्या, आपलं ठरलं म्हणून. आता मागे घेता येणार नाही. बुधवारी रात्री मला झोप लागणार नाही हे तुला आत्ताच सांगून ठेवते. पण साडेसात म्हणजे साडेसात.